विचारील तो शिकवील

सोमेश्वरनगरला कारखान्याच्या तळावर आमची कोपी होती. वर पाचट, बाजूंनी चटया आणि दाराच्या जागी आईचं जुनं लुगडं. रागावल्यावर दार आपटून जायचं असतं, हे मला लग्नानंतर कळलं. दिवाळी झाली की आई-आबा बारामतीच्या जिरायती पट्ट्यातलं आमचं गाव सोडायचे, बैलगाडी घेऊन तळावर यायचे, आणि उन्हं तापून हंगाम संपला की परत. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. आई-आबा मिळून एक कोयता, आणि मी त्याची मूठ, असं आबा म्हणायचे.

या येण्याजाण्यात माझी शाळा दरवर्षी मधोमध मोडायची. जूनपासून दिवाळीपर्यंत गावातली शाळा. तिथं पुस्तक अर्ध्यावर आलं की आम्ही निघालो. मग तळावरची साखरशाळा, ऊसतोड्यांच्या पोरांसाठी हंगामापुरती भरायची ती. तिथल्या बाई पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायच्या. त्यामुळं चौथीपर्यंतच्या प्रत्येक पुस्तकाचा पहिला अर्धा भाग मला दोनदा पाठ आहे. दुसऱ्या अर्ध्यात काय होतं ते आजही विचारू नका.

आबा स्वतः शाळेत गेले ते फक्त माझं नाव घालायला. एका वर्षी आम्ही परतलो तर पटावरनं नाव गेलेलं. आबा शाळेच्या पायरीवर बसले. संध्याकाळी घरी आले, सकाळी पुन्हा जाऊन बसले. बोलले काहीच नाहीत. तिसऱ्या दिवशी हेडगुरुजींनी नाव घातलं आणि म्हणाले, "आता उठा राव, पोरं तुमाला अडखळून पडायला लागलीत."

तिथनं निघून मी बारामतीच्या कॉलेजात बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मी. लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढं 'बी.ए.' छापायला लावलं होतं मी. नवऱ्याच्या नावापुढं काहीच नव्हतं, तो आयटीआय करून फिटर झालेला. त्यानं तक्रार केली नाही. म्हणाला, "दोघांत एक पुरे."

तर अशा बाईनं आपली सहावी पास झालेली लेक शाळेतनं काढली.

शाळा वाईट नव्हती. बाई चांगल्या होत्या. पण लेक पुस्तकं दिवाळीपर्यंत संपवायची आणि उरलेलं वर्ष खिडकीतनं बाहेर बघायची. आम्ही वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहतो. बारामतीत एका ग्रंथालयात एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या आणि आणखी चार घरं पोरांना घरीच शिकवतात, जुन्या पद्धतीनं: पाठांतर, संस्कृत, वादविवाद, ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगणं. आणि दर शनिवारी सगळे सांगवीत एकत्र जमतात. मी एकदा बघायला गेले. एका शेतकऱ्याच्या अंगणात पत्र्याची शेड, एका बाजूला ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला फळा. आठ-नऊ पोरं उभी राहून पावकी, निमकी, दिडकी असे अपूर्णांकांचे जुने पाढे म्हणत होती, आणि आया-बाप मागं सतरंजीवर वह्या घेऊन तेच शिकत होते. पाव सत्ते किती ते मला येईना. सहा वर्षांच्या, पुढचे दोन दात पडलेल्या एका चिमुरडीनं मागं वळून मला सांगितलं, "पावणेदोन, काकू." बी.ए. झाल्यापासनं माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता. लेकीच्या आधी मलाच त्या वर्गात नाव घालावंसं वाटलं. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

नवरा दोन दिवस विचार करून हो म्हणाला. राहिले आबा. आई गेल्यापासून आबा आमच्याकडंच असतात. जावयाच्या घरी राहतो म्हणून लोक काय म्हणतील, याची काळजी त्यांनी आठवडाभर केली, मग कंटाळून सोडून दिली. मी बातमी सांगितली तेव्हा ते चहा पीत होते. बशी खाली ठेवली.

"तुला साळंत ठिवायला म्या पायऱ्या झिजवल्या, अन् तू पोरीला साळंतनं काढतीस?"

"आबा, शिकायचं बंद न्हाय करत. घरी शिकंल. शनिवारी वर्गाला जाईल."

"सात दिसात एक दिस? बाजार हाय का त्यो?"

"तितं सगळं शिकवत्यात. संस्कृत बी."

"भटजी करायची हाय का तिला?" म्हणाले आणि उठून गेले.

वाटलं, चार दिवसांनी निवळतील. सोमवारी मी शाळेत लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेले, तर क्लार्क म्हणाला, "आबा घेऊन गेले की शनिवारी. अंगठा दिलाय त्यांनी." घरी आले. आबांची पत्र्याची पेटी खाटेखाली, तिला कुलूप, किल्ली आबांच्या करगोट्याला.

"दाखला द्या आबा."

"जून उजाडू दे पुढचा. मी सोता तिला साळंत घालनार हाय. एक वरीस खेळा काय खेळायचं ते."

इथं सांगून ठेवते. शाळेत न जाता बाहेरून दहावी द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्याला मूळ दाखला लागतो. आणि पोरीला दुसऱ्या शाळेत घालायचं तरी तोच दाखला लागतो. कागद एकच, आणि तो आबांच्या पेटीत. वर्षभरात आबांचं मन वळलं नाही तर माझी घरशाळा संपली. म्हातारा माणूस, बाप, त्याच्या कमरेची किल्ली कोण ओढून घेणार?

वर्ग सुरू झाला. शनिवारी सकाळची एसटी, बारामतीला उतरायचं, तिथनं दुसरी गाडी सांगवीला. कॉलनीतल्या बायका गॅलरीतनं विचारायच्या, "काय गं, पोरगी नापास झाली का?" मी म्हणायचे, "न्हाय, फार पास झाली." आबा दारात उभे राहून म्हणायचे, "निघाली जत्रा."

शेडमध्ये मजा होती. पोरं "देवः देवौ देवाः" म्हणायला लागली की मागं गोठ्यात म्हैस हंबरायची, आणि तिचं 'औ' पोरांनी द्विवचनात धरलं होतं. प्रत्येक पोरानं आठवड्यात शिकलेली एक गोष्ट उभं राहून सांगायची. मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. आणि फळ्याच्या वर, पुसला जाणार नाही अशा रंगानं, वर्गाचा एकच नियम लिहिलेला: विचारील तो शिकवील. म्हणजे असं की ज्याच्या प्रश्नाचं उत्तर शेडमधल्या एकालाही, पोरांना आणि मोठ्यांनाही, आलं नाही, त्यानं पुढच्या शनिवारी तोच धडा सगळ्यांना शिकवायचा. डॉक्टरीणबाईंनी तो काढला होता फुकटच्या प्रश्नांना आळा बसावा म्हणून. दुसराही एक भाग होता: उत्तर येत असेल तर मोठ्या माणसानं लपवायचं नाही. हा दुसरा भाग लिहिलेला नव्हता. सगळ्यांना माहीत होता. मलाही.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. आबांची जत्रा-जत्रा चालूच. जून जवळ यायला लागला तशी मला झोप येईना. मग एका शुक्रवारी मी भाकरी थापता थापता म्हटलं, "आबा, एकदा येऊन बगा तरी. चुका काढा आमच्या. तितं कुनालाबी कायबी विचारता येतं."

"कायबी?"

"कायबी."

नियम मी सांगितला नाही. खोटं बोलले नाही. सांगितला नाही, इतकंच.

शनिवारी आबा कडक धोतर, नवी टोपी घालून आले. सगळे सतरंजीवर, त्यांना खुर्ची दिली. ते लग्नातल्या मानकऱ्यासारखे बसले. त्या दिवशी सांगायची पाळी माझ्या लेकीची होती. तिनं तरफ सांगितली. टेकू कुठं, भार कुठं, बल कुठं, तीन प्रकार, अडकित्ता कुठल्या प्रकारात, चिमटा कुठल्या. घडाघडा सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी वाजवल्या नाहीत. खाकरले.

"मी इचारू का?"

"विचारा ना आबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गाडी भरलीया उसानं. रस्ता सपाट. बैल धट्टेकट्टे. पर पाऊल टाकंनात, नुसत्या माना वर करत्यात. चाबूक मारायचा न्हाय, ऊस उतरवायचा न्हाय. गाडी चालली पायजे. काय करशीला?"

माझी लेक म्हणाली, "बैलांना पाणी पाजायचं."

"प्यालेत."

"बैल बदलायचे," एक पोरगा.

"दुसरं कुठनं आननार? तुजं का?"

दात पडलेली चिमुरडी उठली. "बैलांना सॉरी म्हणायचं."

आबा हसले, पण लगेच टोपी सारखी केली. "अजून?" डॉक्टरीणबाईंनी मोठ्यांकडं बघितलं. शेतकरी घरमालक म्हणाले, "आबा, माझ्या हयातीत ट्रॅक्टरच हाय. गाडी मागं पडून हाय नुसती." बाकीच्यांनी माना हलवल्या. मग बाई माझ्याकडं वळल्या. "ताई, तुम्हाला?"

मला येत होतं. लख्ख येत होतं. आमचं सगळं लहानपण त्या गाडीवर गेलेलं. मी वहीत खाली बघत एक रेघ ओढली, तिच्याखाली दुसरी ओढली, आणि म्हटलं, "आठवत न्हाय हो."

आबांनी खुर्चीत मागं टेकून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "बगा! ह्ये शिकवता तुमी पोरांना. आडकित्ता येतो, गाडी येत न्हाय."

"बरोबर आहे आबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि फळ्याच्या वर बोट दाखवलं. माझ्या लेकीनं ते आजोबांना मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि अर्थही सांगितला.

"म्हंजी मी? शिकवू? अवो बाई, अंगठा हाय माझा!"

"फळ्यावर लिहायची सक्ती नाही आबा," एक पोरगा म्हणाला. नियमांच्या बाबतीत ती पोरं वकिलांना भारी.

तो आठवडा काय सांगू! रविवारी आबा म्हणाले, "त्या बाईला फोन लाव, सांग आबांचं गुडघं धरलं." मी म्हटलं, "तुमीच बोला, मला खोटं येत न्हाय." हे म्हणताना माझी जीभ अडखळली नाही, याचं मलाच नवल वाटलं. सोमवारी त्यांनी माझं लाटणं नेलं, जू करायला. मंगळवारी डब्यांची झाकणं गेली, चाकं करायला. बुधवारी बघते तर आजोबा आणि नात ओसरीवर बसलेत, मधे बुटांच्या खोक्याची गाडी, आणि नात आजोबांना तरफ समजावून सांगतेय. "आबा, जू म्हणजे बल. चाक म्हणजे टेकू."

"चाक म्हंजी चाक."

"हो, पण टेकू पण."

"दोन नावं कशाला एका चाकाला?"

गुरुवारी आबांनी खोकं बाजूला सारलं. "ह्यानं न्हाय जमायचं. त्या सांगवीवाल्याची खरी गाडी हाय ना पडलेली? ती काढायला सांग. अन् धा-पंधरा मोळ्या ऊस."

शनिवारी अंगणात गाडी काढलेली. चाकांना गंज, पण उभी होती. शेजारी उसाच्या मोळ्या. आबा आले, गाडीभोवती एक फेरी मारली, दांडीवर थाप मारली. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"बैल पायजेत दोन."

पोरांनी ठरवून ठेवल्यासारखं आमच्याकडं बघितलं. डॉक्टरीणबाई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. जू आमच्या खांद्यांवर. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून एका पोरीकडं दिला. घरमालकांना आबांनी गाडी कलली तर सावरायला उभं केलं, आणि मोळ्या भरायला सुरुवात केली. सगळ्या मागं. भरता भरता बोलत होते, न अडखळता, जसे कोपीत जेवताना बोलायचे: मोळी वाढ्यानं बांधतात, वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, दोरी विकत घ्यायची नसते. बाई माणूस डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं चढतं. गाडी भरणं हे अंगात असावं लागतं, ते नसलं तर बैल मरतो. पोरं वह्या विसरली.

मागं मोळ्या वाढल्या तसं आमच्या खांद्यांवरचं जू हलकं झालं, आणि मग वरच उचलायला लागलं. आम्ही दोघी त्याला धरून टाचांवर.

"काय बी.ए., चालंना का?" आबा म्हणाले. "बगा रं, ह्याला म्हनत्यात गाडी उलाळ झाली. मागं जड. जू वर जातं, बैलाच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो. बैल चालंल कसा? त्यो श्वास घेईल का गाडी वढंल? आता ऊस उतरवायचा न्हाय. सांगा."

माझी लेक गाडीभोवती फिरली. चाकापाशी थांबली. ओठ हलत होते, टेकू, भार, बल. मग पुढच्या बाजूनं चढली आणि जुवाच्या जवळ, दांडीवर जाऊन बसली. जू हळूच खाली आलं आणि आमच्या खांद्यांवर टेकलं.

"हां!" आबा ओरडले. "अगदी हितंच! हिची आई हितंच बसायची. चार वरसांची असल्यापासनं. लोकांना वाटायचं, काय लाड करतोय पोरीचं. लाड कसला, वजन हुतं त्ये!"

सगळे हसले. हसणं ओसरलं तेव्हा दात पडलेल्या चिमुरडीचा आवाज आला.

"म्हणजे काकूंना उत्तर येत होतं."

माझ्या खांद्यावर जू. पळायची सोय नाही. डॉक्टरीणबाईंनी शेजारनं बिनचष्म्याचे डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. लेक वरून बघत होती. आणि आबा. त्यांना जरा वेळ लागला. शुक्रवारची भाकरी, 'कायबी इचारा', वहीतली रेघ, असं एकेक त्यांच्या तोंडावरून सरकताना मला दिसलं.

"म्हंजी तू मला..."

जून डोळ्यांपुढं आला. वाटलं, आता हा माणूस घरी जाऊन पेटीला दुसरं कुलूप लावणार.

आबा पुढं आले. माझ्या खांद्यावरचं जू हातानं सारखं केलं. मग मागं सरून जीभ टाळूला लावून टक् टक् आवाज काढला.

"बैलाला काय इचारायचं? चल, हुर्रर्र!"

त्यांनी आम्हाला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. डॉक्टरीणबाईंचा काही गुन्हा नव्हता, पण जोडीतला बैल म्हणून त्याही ओढत होत्या. नंतर पोरांनी बसून माझ्यावर रीतसर वाद घातला, दोन्ही बाजू मांडल्या आणि निकाल दिला: काकूंनी महिनाभर प्रश्न विचारायचा नाही, फक्त उत्तरं द्यायची. माझ्या बाजूनं एकच पोरगा बोलला, आणि तोही त्याची पाळी होती म्हणून.

परतताना बारामती स्टँडवर वालचंदनगरची गाडी उशिरा होती. आबा बाकावर बसले होते. लेक पाण्याची बाटली भरायला गेली.

"फशी पाडलंस तू मला."

"व्हय आबा."

"कालेजात शिकली का ह्ये?"

"न्हाय. तुमच्याकडनं. तुमी पायरीवर बसला हुता तेवा बी कुनाला कायच बोलला न्हाय."

त्यांनी समोर लागलेल्या गाड्यांच्या पाट्यांकडं बघितलं. त्या वाचता येत नाहीत त्यांना, रंगावरून ओळखतात. मग म्हणाले, "आमच्यात पोरीची साळा सुटली म्हंजी एक तर हातात कोयता, न्हायतर गळ्यात मंगळसूत्र. तिसरं म्या बगितलं न्हवतं. म्हनून दाखला ठिवला. तुज्यावर राग न्हवता."

हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. बी.ए. असून.

दाखला मात्र त्यांनी तेव्हाही दिला नाही. मीही मागितला नाही. पुढच्या शनिवारी आबा आमच्या आधी आंघोळ करून दारात उभे. पोरांनी त्यांना बोलावलंच होतं, बैलाचे दात बघून वय कसं ओळखायचं ते शिकवायला. त्याच्या पुढच्या शनिवारी वाढ्याची दोरी वळणं. मग चुलीची तीन दगडं कशी मांडायची, वारा बघून. कॉलनीतल्या बायकांनी विचारलं, "आबा, तुमी कुठं?" तर म्हणाले, "साळंला."

मे महिन्याच्या शेवटी शेजारचा एक जण आबांना सांगायला आला की अमक्या शाळेत प्रवेश सुरू झालेत, लवकर जा, तुकडी भरतेय. मी स्वयंपाकघरात होते. हातातलं काम थांबवलं.

आबांनी विचारलं, "शनवारी साळा असती का?"

"असते की. सकाळची."

"सकाळची?"

"साडेअकराला सुटते."

"मग कसं जमायचं?" आबा म्हणाले. शेजाऱ्याला कळलंच नाही काय जमायचं ते. मला कळलं. मी परात खाली ठेवली.

तो गेल्यावर खाटेखालनं पेटी ओढल्याचा आवाज आला. आबा आत आले. दाखला चौपदरी घडी घातलेला, त्याला कापराचा वास.

"परीक्षा सरकारी पायजे," ते म्हणाले. "घरची न्हाय चालायची."

"सरकारीच हाय आबा. सतरा नंबर."

"अन् फॉर्म भरायला मी संगं येनार."

आले. दहावीच्या वर्षी, धोतर-टोपीत. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, ही कुठल्या शाळेत होती? आबा म्हणाले, "सांगवीच्या. शनवारच्या." त्यानं ते लिहिलं नाही, पण दाखला घेतला.

लेक सहावीनंतर एकही दिवस शाळेत न जाता दहावीला बसली आणि पहिल्या श्रेणीत पास झाली. आता ती बारामतीत अकरावीला, कॉलेजात जाते.